आवाज कुणाचा?

वारज्यात, महामार्गाच्या कडेच्या इमारतीत राहणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरच्या पंख्याच्या आवाजाबद्दल कुरकुर करावी, ह्याला कुणीही हसेल. आमच्या घरी सगळे हसले. गॅलरीत उभं राहिलं की मुंबई-बंगळुरू महामार्ग दिसतो, आणि दार लावून घेतलं तरी ऐकू येत राहतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. चांदणी चौकाकडे निघालेल्या ट्रकांना ती कुणी कळवलेली दिसत नाही. पण ट्रकचा आवाज येतो आणि जातो. टेबलाखालच्या कॅबिनेटची घरघर एकदा सुरू झाली की थांबत नाही. रात्री अकरानंतर, पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असताना, मी गेम लावला की मला गेमपेक्षा ती घरघरच जास्त ऐकू यायची.

ही घरघर घालवण्याच्या नादात मी पंख्यांवर जेवढे पैसे घातले, तेवढ्यात एक बऱ्यापैकी मॉनिटर आला असता. झालेल्या चुकांचं खापर दुकानदारावर किंवा कंपनीवर फोडायची सोय नाही. सगळ्या माझ्या आहेत. आणि त्या इतक्या साध्या आहेत की तुम्हीही त्या ह्याच क्रमाने कराल, म्हणून लिहितोय.

माझा कॉम्प्युटर गेमिंगचा झाला तो 2022च्या शेवटी. त्याआधी बराच काळ ग्राफिक कार्डांच्या किमती अशा चढल्या होत्या की हौशी माणसाने दुकानाची पायरी चढू नये. कार्डं इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खणायला’ जात होती. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांचं खणायचं काम एका दिवसात संपलं आणि वापरलेली कार्डं जिकडेतिकडे विकायला आली. त्यातलंच एक मी घेतलं. विकणाऱ्याने ते कार्ड कशासाठी वापरलं हे लपवलं नव्हतं. किंमत ऐकल्यावर मीच पुढे काही विचारलं नाही. जे कार्ड रात्रंदिवस राबलं त्याचे पंखेही रात्रंदिवस फिरले असणार, त्यांच्या बेअरिंगमधलं वंगण आटलं असणार, एवढा विचार करायला इंजिनिअर असावं लागत नाही.

तो मी केला नाही. आवाज सुरू झाला तेव्हा मी कॅबिनेटचा मागचा पंखा बदलला. का? तर तो चार स्क्रू काढले की हातात येतो. बिघाड कुठे आहे ह्यापेक्षा हात कुठे पोचतो हे पाहून दुरुस्ती सुरू करणं, ही माझी पहिली चूक. नवा पंखा लागला आणि आवाज तसाच राहिला.

आवाज कुठून येतोय हे कान लावून कळेल असं आपल्याला वाटतं. कळत नाही. कॅबिनेटचा पत्रा पातळ असतो. कुठल्याही पंख्याची थरथर तो उचलतो आणि वेगळ्याच ठिकाणी वाजवतो. खरी तपासणी कंटाळवाणी आहे, पण फुकट आहे. मशीन बायोसमध्ये चालू करायचं, बाजूचा पत्रा काढायचा आणि एकेक पंखा तिथूनच मंद करून किंवा क्षणभर थांबवून ऐकायचं. मग विंडोजमध्ये येऊन गेम लावायचा आणि कार्डाच्या पंख्यांचा वेग सॉफ्टवेअरने वरखाली करून पुन्हा ऐकायचं. मी हे पुष्कळ उशिरा केलं. तेव्हा कळलं की मागचा जुना पंखा निर्दोष होता. घरघर ग्राफिक कार्डाच्या एका पंख्याची होती. तिच्याखाली जो घुमणारा स्वर होता तो पंख्याचा नव्हताच, जुन्या हार्ड डिस्कचा होता. मिनिटाला 7200 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 120; ती थरथर पत्र्याच्या ट्रेमधून सबंध कॅबिनेटला मिळत होती. रबरी वायसर घातले आणि तो स्वर गेला. हार्डवेअरच्या दुकानात ते वायसर अक्षरशः चिल्लर पैशात मिळतात.

पण हे कळण्याआधी मी पुढचे पंखे बदलून बसलो होतो. दिवे असलेले तीन पंखे एकत्र, एका डब्यात, स्वस्त. दिवे रिमोटने बदलत. वेग मात्र कशानेच बदलत नसे, कारण त्यांची जोडणी थेट एसएमपीएसला होती. बारा व्होल्ट मिळाले की पंखा पूर्ण वेगाने फिरणार. मी गेम खेळत असो की बँकेचं पासबुक उघडून बसलेलो असो. पंख्याच्या वायरीकडे बघायचं असतं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तीन पिनांचा पंखा मदरबोर्डला लावला तर व्होल्टेज कमी-जास्त करून त्याचा वेग बदलता येतो. चार पिनांच्या पंख्याला बारा व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून वेगाचा हुकूम जातो. हा हुकूम सेकंदाला साधारण 25 हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या ठोक्यांचा असतो; माणसाच्या कानाची मर्यादा 20 हजाराच्या आसपास, म्हणून तो ऐकू येत नाही. असे पंखे फार मंद गतीवरही अडखळत नाहीत. खोक्यावर दिव्यांचे रंग मोठ्या अक्षरांत आणि पिनांची संख्या बारीक अक्षरांत छापलेली होती, आणि मी मोठी अक्षरं वाचली.

मग मी हुशार झालो, म्हणजे डेसिबल वाचायला लागलो. कुठल्या पंख्याचे 19, कुठल्याचे 22, कुठल्याचे 26. हे आकडे सहसा आवाजबंद खोलीत, पंख्यापुढे-मागे काहीही नसताना मोजलेले असतात. माझ्या पंख्यापुढे कॅबिनेटचं तोंड होतं, मागे हार्ड डिस्कचा पिंजरा होता आणि माझा कान हातभर अंतरावर होता. पात्यांना अगदी चिकटून जाळी आली की हवा फाटते आणि शिट्टीसारखा आवाज येतो, तो खोक्यावर छापलेला नसतो. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं तर रात्री ते पीसी चालू असताना आणि बंद असताना जवळपास एकच आकडा दाखवायचं. इतक्या हळू आवाजात मोबाइलच्या माइकची स्वतःची खरखरच मोजली जाते, हे नंतर कळलं. त्या आकड्याच्या भरवशावर मी एक पंखा ‘शांत’ ठरवून ठेवला होता.

डेसिबलचं गणित मात्र शिकण्यासारखं आहे, कारण ते आपल्या रोजच्या बेरजेने चालत नाही. दोन एकसारखे पंखे लावले तर आवाज दुप्पट डेसिबल होत नाही, फक्त 3ने वाढतो. तीन लावले तर जेमतेम 5ने. उलट एकाच पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर आवाज अंदाजे 5 डेसिबलने उतरतो आणि वेग निम्मा केला तर 15ने. कानाला 10 डेसिबलचा उतार साधारण ‘निम्मा आवाज’ वाटतो. म्हणजे पूर्ण वेगाने फिरणारा एक पंखा जेवढा आवाज करतो, तेवढ्याच आवाजात ऐंशी टक्के वेगाचे तीन पंखे फिरू शकतात आणि मोकळ्यावर हवा जवळपास अडीच पट देतात. पंखे वाढवले की आवाज वाढणार अशी माझी समजूत होती. ह्याच समजुतीपायी मी दिवेवाले तिन्ही काढले आणि त्यांच्या जागी दोनच पंखे लावले, तेही मुद्दाम मंद निवडलेले. मिनिटाला जास्तीत जास्त 800 फेऱ्या. हिवाळा होता. खोलीत शांतता आली आणि मी स्वतःवर खूश झालो.

मार्चअखेरीस घरघर परत आली, आधीपेक्षा मोठी.

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा 38-40पर्यंत जातो. महामार्गाची धूळ आणि आवाज नको म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतो, त्यामुळे रात्रीही खोलीत भिंतींची ऊब राहते. परदेशातली पंख्यांची परीक्षणं बहुतेक 20-22 अंशांच्या खोलीत केलेली असतात. माझी खोली 34ची. खोली जितक्या अंशांनी गरम, साधारण तितक्याच अंशांनी आतला प्रत्येक भाग गरम. म्हणजे ज्याने जर्मनीत बसून ‘गेम चालू असताना कार्ड 68 अंशांवर राहिलं’ असं लिहिलं, त्याचंच कार्ड माझ्याकडे 80वर गेलं असतं. आणि कार्ड तापलं की ते मला विचारत नाही. आपले पंखे आपणच पळवतं. मी कॅबिनेटचे पंखे मंद केले, आत गरम हवा साचली, आणि कार्डाचे छोटे पंखे दोन हजारांच्या पुढच्या फेऱ्यांवर ओरडायला लागले. शांत पंखे लावून मी मशीनचा आवाज वाढवला होता.

धुळीचंही माझंच कर्तृत्व. मी कार्ड घेतलं त्याच सुमाराला, 2 ऑक्टोबर 2022च्या पहाटे, चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला गेला. नवीन रस्ते आणि पूल 12 ऑगस्ट 2023ला खुले झाले. मधल्या काळात ह्या पट्ट्यात कुणाच्या घरात धूळ नव्हती? कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आठवड्याला राखाडी थर धरायचा. म्हणून मी त्या जाळीवर खिडकीची मच्छरजाळी कापून आणखी एक थर चढवला. धूळ अडली. हवाही अडली.

माझी भाची कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात मेकॅनिकलला आहे. रविवारी जेवायला आली होती. मी तिला अभिमानाने माझं मशीन दाखवलं.

“मामा, ह्या पंख्याचा दाब किती आहे?” तिने विचारलं.

“हवा लिहिली आहे. पस्तीस सीएफएम.”

“ती समोर काहीच नसताना. तुझ्यासमोर काळी काच आहे, तिच्या कडेला बोटभर फट आहे, मग जाळी, मग ही मच्छरजाळी. खोक्यावर दोन आकडे असतात ना? एक मोकळ्यावर जास्तीत जास्त हवा किती, आणि एक तोंड पूर्ण बंद केल्यावर जास्तीत जास्त दाब किती. दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. तुझा पंखा ह्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. तुझा बहुतेक बंद टोकाकडे आहे.”

मग तिने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं, आणि मला एक गोष्ट कायमची समजली. पंख्याचा वेग बदलला की हवा त्याच प्रमाणात बदलते, पण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो आणि लागणारी वीज घनाने. वेग वीस टक्के कमी केला तर हवा वीस टक्के कमी, दाब छत्तीस टक्के कमी आणि वीज जवळजवळ निम्मी. माझे 800 फेऱ्यांचे पंखे तशाच पात्यांच्या 1500 फेऱ्यांच्या पंख्याशी तोलले तर दाब चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त. मंद पंख्यात सगळ्यात आधी मरतो तो दाब, आणि मी त्याच्यापुढे एकावर एक पडदे लावून ठेवले होते.

“उदबत्ती आहे का?” तिने विचारलं. देवघरातून आणून दिली. पुढच्या फटीशी धरली तर धूर सरळ वर गेला. आत ओढला जाईना. मागच्या पंख्याशी धरली आणि धूर झपकन आत गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मागचा पंखा हवा बाहेर टाकण्यासाठी असतो. मी अगदी पहिल्यांदा जो पंखा बदलला होता तो उलटा बसवला होता, आणि इतका काळ तो भिंतीलगतची गरम हवा परत आत ढकलत होता. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे आणि स्टिकर असतो, तिकडून हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. माझ्या पंख्यावर होता.

“मामा, बाण आहे की इथे,” भाची म्हणाली. ह्यावर मामाने काय म्हणायचं?

आता ग्राफिक कार्डाच्या पंख्यांकडे येतो. ते नवे मिळतात हे कळायच्या आत मी घरगुती उपाय केला. पंख्याच्या मधला स्टिकर उचलून बेअरिंगमध्ये दोन थेंब तेल सोडलं की आवाज जातो, असं कुणीतरी सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. कुठलं तेल ते मी विचारलं नाही. घरात खोबरेल होतं. घरघर त्याच दिवशी थांबली. दोन पिढ्यांपासून डोक्याला लावत आलेल्या तेलाचा मला फार अभिमान वाटला. डिसेंबरात एका सकाळी मशीन चालू केलं तर तो पंखा हलेचना. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, हे मराठी घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल येत नाही. वारज्यातली डिसेंबरची सकाळ 12-13 अंशांची. शिवणयंत्राचं पातळ तेल वापरलं असतं तर आणखी काही महिने निघाले असते. तेही तात्पुरतंच, एकदा झिजलेलं बेअरिंग तेलाने भरून येत नाही.

नवे पंखे मागवले तेव्हा पात्याचा व्यास मोजला होता. तेवढंच मोजलं होतं. कॅबिनेटच्या पंख्यांना ठरलेली मापं असतात, 120 मिलिमीटर म्हणजे 120 आणि त्याची भोकं सगळीकडे एकाच अंतरावर. कार्डाच्या पंख्यांना असा नियम नाही. दोन कार्डांच्या पंख्यांचा व्यास एकच असून स्क्रूची भोकं वेगळी, वायरीचं टोक वेगळं, फिरण्याची दिशाही वेगळी असू शकते. माझे आलेले पंखे बसलेच नाहीत. जुना पंखा काढून मागच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक वाचायचा आणि तोच शोधायचा, हा सरळ मार्ग. अडलं तर जुना पंखाच खिशात घालून बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत जावं. तिथे वस्तू बघून जुळणारी वस्तू काढून देणारी माणसं अजून आहेत. मी शेवटी तेच केलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी पंखा बोटाने एकदा फिरवला आणि म्हणाले, “काका, ह्यात खोबरेल कुणी घातलं?”

एवढं झाल्यावर घरघर गेली आणि एक नवाच त्रास कळला. पुढे आता 800वाल्यांच्या जागी एकसारखे दोन नवे पंखे होते, आवाज कमी होता, पण तो एका लयीत मोठा-लहान होत राहायचा. सात पात्यांचा पंखा मिनिटाला 1200 फेऱ्या घेतो तेव्हा पाती सेकंदाला 140 वेळा चौकटीच्या दांड्यांवरून जातात, म्हणून त्याचा 140 हर्ट्झचा स्वर असतो. शेजारचा पंखा 1215वर असेल तर त्याचा स्वर एकशे पावणेबेचाळीस, म्हणजे 141.75. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की जशी लाट ऐकू येते, तशीच लाट ह्या दोन पंख्यांतून सेकंदाला पावणेदोन वेळा उठत होती. डेसिबल मोजले असते तर आकडा उत्तम आला असता. मेंदूला सपाट सूं-सूं चालते. सतत बदलणारा आवाज मात्र तो पुन्हापुन्हा तपासत राहतो. उपाय सोपा निघाला: एकाला मुद्दाम शंभरभर फेऱ्यांनी मागे ठेवलं. मग लाटा इतक्या जलद झाल्या की वेगवेगळ्या ऐकू येईनाशा झाल्या.

वेगाचा आलेख बायोसमध्ये ठरवतानाही मी असाच फसलो. आलेख जितका चढता, तितकं मशीन सावध, असं मला वाटलं. प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडला तरी एका सेकंदात दहा-बारा अंश वर उडी मारतं आणि तितक्याच लवकर खाली येतं. माझे पंखे प्रत्येक उडीला धावत सुटायचे आणि लगेच दम टाकायचे. वास्तविक प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा तापायला बराच वेळ लागतो; पंखा काही सेकंद उशिरा जागा झाला तर काहीच बिघडत नाही. हा उशीर लावायची सोय बायोसमध्येच असते. ती लावली, आणि पन्नास-साठ अंशांपर्यंत आलेख सपाट ठेवला. त्या दिवसापासून साध्या कामात पंखे ऐकूच आले नाहीत. ह्यासाठी एक रुपयाही लागला नाही. आणि तरी मी हे सगळ्यात शेवटी केलं, कारण खरेदी केल्याने काहीतरी केल्यासारखं वाटतं.

महाग पंख्यांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. चांगला पंखा खरोखर वेगळा असतो. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचा 2018 साली आलेला 120 मिलिमीटरचा पंखा घ्या: पात्याचं टोक आणि चौकट ह्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट. फट जितकी कमी तितकी हवा मागे निसटत नाही, म्हणून कमी वेगात जास्त दाब मिळतो. पण साधं प्लास्टिक उष्णतेने आणि सततच्या फिरण्याने ताणलं जाऊन चौकटीला घासेल, म्हणून पाती ताठ राहणाऱ्या वेगळ्या प्लास्टिकची करावी लागतात. पैसे त्याचे असतात. असा पंखा माझ्या काचेच्या तोंडामागे, दोन जाळ्यांआड लावला असता तर त्यानेही तेच केलं असतं जे स्वस्त पंख्यांनी केलं.

माझं आता काय आहे ते सांगतो. पुढची काळी काच काढून तिच्या जागी भोकाभोकांची जाळी आली, मच्छरजाळी गेली. पुढे 140 मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. 120च्या तुलनेत हे क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी जास्त, त्यामुळे तेवढीच हवा कमी फेऱ्यांत येते. मागे 120चा एक, बाण बाहेरच्या दिशेला. सगळे चार पिनांचे. वाळून खडू झालेली कार्डाची थर्मल पेस्ट बदलली. कार्डाची वीज 185 वॅटवरून 150च्या आसपास आणली. गेममध्ये फरक शोधावा लागतो, उष्णतेत शोधावा लागत नाही. माझा मॉनिटर सेकंदाला 75 चित्रं दाखवतो आणि कार्ड उगाच 120 तयार करत होतं. ते 75वर बांधलं. पंख्याला पळावं लागतं ते ह्या उष्णतेमुळे. ती तयारच झाली नाही तर सगळ्यात स्वस्त पंखाही शांत असतो.

धूळ अजूनही येते. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असली की दुपारी वीज नसते, तेव्हा मी कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअर मारतो. पात्याला बोट लावून धरूनच, कारण ब्लोअरच्या हवेने पंखा भन्नाट फिरून बेअरिंग बिघडतं. हेही मी एका चांगल्या पंख्याची किंमत देऊन शिकलो.

आणि एक गोष्ट कुठल्याच परीक्षणात सापडत नाही, ती म्हणजे छताचा पंखा. मे महिन्यात तो पाचवर फिरत असतो आणि त्याच्याखाली कॉम्प्युटरचे पंखे हजार-बाराशे फेऱ्या घेत असले तरी कुणाला कळत नाही. डिसेंबरात छताचा पंखा बंद असतो, पण तेव्हा खोलीच थंड असते आणि कॉम्प्युटरला पळावं लागत नाही. मी ज्या शांततेसाठी खर्च करत होतो ती अर्धं वर्ष हवामानच फुकट देतं आणि उरलेलं अर्धं वर्ष ती ऐकायला घरात शांतता नसते. म्हणून आता माझे दोन आलेख आहेत, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. पाडव्याला एक बदलतो, दिवाळीला दुसरा.

तुमच्या मशीनचा आवाज वाढला असेल तर आधी कुणाचा आवाज आहे ते शोधा. मग धूळ काढा, हवेची दिशा उदबत्तीने तपासा, पुढचं तोंड मोकळं करा, कार्डाची वीज उतरवा आणि वेगाचा आलेख सपाट करा. ह्यातल्या कशालाही फारसे पैसे लागत नाहीत. एवढं करूनही आवाज राहिला तर पंखा घ्या. चार पिनांचा, बसेल तेवढा मोठा, आणि मॉडेल क्रमांक किंवा भोकांचं अंतर कागदावर लिहून नेऊन. बहुतेकांना ह्या शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागणार नाही. मलाही कार्डाचा तो एक झिजलेला पंखा सोडला तर दुसरा एकही बदलायची घाई नव्हती.